एवढं एक उभं करतो

सलग कितीतरी वर्षं माझी दिवाळीची सुट्टी एका तराफ्याने खाल्ली. तराफा माझा नव्हता. मला पोहता येत नाही, नदीचं मला कौतुक नाही, आणि बांबूंवर बसून दिवसभरात आठ-दहा मैल वाहत जाण्यात कसली मौज असते हे मला आजतागायत कळलेलं नाही. तरीही दर वर्षी भाऊबीज झाली की मी शेजाऱ्यांची ट्रंक उचलून भाऊच्या धक्क्यावर जायचो आणि तीच ट्रंक उचलून परत परळला यायचो. शेजारी धोंडू मांडवकर असल्यावर दुसरं काय होणार?

मांडवकर मांडव घालायचा. धंद्यावरून आडनाव पडलं असं लोकांना वाटे. खरं म्हणजे ते गावावरून आलेलं होतं. पण तो कोणाचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडत नसे. लालबागपासून दादरपर्यंत लग्न असो, गणपती असो की सभा, बांबू मांडवकराचे. भोईवाड्यात आमच्या चाळीच्या मागे एक पत्र्याची शेड होती, तिच्यात ते आडवे रचलेले असत. प्रत्येक बांबू घेताना तो बोटाच्या पेराने त्यावर टकटक करायचा आणि कान लावायचा. "हा बोलतो," म्हणून एक बाजूला ठेवायचा, "हा मुका आहे," म्हणून दुसरा परत द्यायचा. बोलणाऱ्या बांबूचा आवाज मला कधीच ऐकू आला नाही. मी पालिकेच्या शाळेत मास्तर होतो. चाळीस पोरांच्या वर्गात दिवस काढल्यावर बांबूचं बोलणं कुठून ऐकू येणार?

हा माणूस बसत नसे. अतिशयोक्ती करत नाही. चहा दाराच्या चौकटीला टेकून, जेवण थाळी हातात घेऊन, दाढी न्हाव्याच्या खुर्चीशेजारी उभं राहून. न्हावी वैतागायचा. माझ्याकडे आला की मी खुर्ची पुढे करायचो आणि तो त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तासभर बोलायचा. बोलता बोलता खुर्ची हलवून बघायचा. "चुका ढिल्या झाल्यात मास्तर," असं सांगून जायचा. बसल्याशिवाय त्याला ते कसं कळायचं देव जाणे.

याच्या अगदी उलट त्याची बायको. भागीरथी तिचं नाव, चाळीत सगळे भागीवैनी म्हणत. त्या गिरणीत वाइंडिंग खात्यात होत्या. आठ तास मशिनीपुढे उभं, घरी आल्यावर नळापुढे उभं, मग स्टोव्हपुढे. मूलबाळ नव्हतं. या बाईची आयुष्यात एकच मागणी होती, आणि ती इतकी साधी होती की ती पुरी होत नाही हे बघून माझं डोकं फिरायचं.

वैनींचं माहेर नदीच्या वरच्या अंगाला. नदीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की तिकडची मंडळी पत्रं पाठवतात आणि वळणं चुकली म्हणून सांगतात. तर त्या नदीतून पूर्वी बांबूचे तराफे खाली बंदरापर्यंत यायचे. मांडवकराचा बाप तेच काम करायचा. वरच्या रानातले बांबू एकमेकांना बांधायचे, त्यावर बसून दिवसभर वाहत खाली यायचं, बंदरात तराफा सोडून बांबू व्यापाऱ्याला द्यायचे. अशाच एका फेरीत बापाबरोबर असलेल्या धोंडूला काठावर धुणं धुणारी भागीरथी दिसली. लग्न झालं, दोघं मुंबईला आली. नवी नवरी असताना तो तिला म्हणाला होता, एकदा तुला तराफ्यावरनं नेतो. तू नुसती बसायचंस.

"नुसती बसायचंस," हे तीन अक्षरी बसणं त्यांनी वीस वर्षं जपून ठेवलं होतं. मला एकदा म्हणाल्या, "मास्तर, मला देव नको, काशी नको. एक अख्खा दिवस कुठे उतरायचं नाही, कुणाला वाढायचं नाही. मी बसेन, बाजूला हे बसतील. पाणी नेईल तिथे जायचं."

पावसाळ्यात ती नदी उग्र. माघात तिच्यात म्हशीचे गुडघे भिजत नाहीत. तराफ्याजोगं पाणी असतं ते दसऱ्यापासून दिवाळीनंतरच्या आठ-पंधरा दिवसांपर्यंत. वैनींना गिरणीतून रजा मिळायची ती दिवाळीला जोडून. त्यामुळे वर्षातनं एकच मुहूर्त. माझा संबंध असा की मांडवकराला छापील वाचता यायचं, हाताचं नाही, आणि वैनींना दोन्ही नाही. वरच्या गावी वैनींचा भाऊ वसंत होता, त्याला पत्रं मी लिहायचो आणि त्याची पत्रं मी वाचायचो. "बांबू तोडून ठेवणे, येत आहोत," हे वाक्य मी इतक्यांदा लिहिलं की ते लिहिताना दौतीकडे बघावं लागत नसे. एका दिवाळीत मांडवकर म्हणाला, "मास्तर, तुम्हीपण चला की. सुट्टीच आहे तुमची." मी हो म्हणालो. तीच माझी चूक.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. गिरणगावात एक संध्याकाळ सभेवाचून जात नव्हती. मीही ओरडायचो, घसा बसेपर्यंत ओरडायचो, दुसऱ्या दिवशी वर्गात खुणांनी शिकवायचो. वैनी खात्यातल्या बायकांबरोबर मोर्चाला जायच्या. "तेही उभ्यानेच हो," असं हसून सांगायच्या. आणि सभा म्हटली की व्यासपीठ, व्यासपीठ म्हटलं की मांडवकर. समितीचे एक कार्यकर्ते होते, कदम नावाचे. सायकलवरून यायचे, खाली चौकातून घंटी वाजवायचे, आणि घंटी ऐकली की मांडवकर अर्धा कप चहा टाकून खाली उतरायचा. जाता जाता बायकोला सांगायचा, "अगो, एवढा एक उभा करतंय आणि येतंय."

पहिल्या वर्षी त्याला दोष देता येत नाही. फाउंटनवर गोळ्या चालल्या, गावात संचारबंदी लागली, कोकणच्या बोटीला जायचं नावही काढता येत नव्हतं. दुसऱ्या वर्षी मात्र आम्ही धक्क्यावर पोचलो होतो. मी, वैनी, ट्रंक, आणि लाडवांचा डबा. मांडवकर नव्हता. सकाळीच कदमांची घंटी वाजली होती. द्विभाषिकाच्या निषेधाची सभा होती, आणि त्याने "एवढं एक उभं करतो, धक्क्यावरच गाठतो," असं सांगितलं होतं. बोटीचा भोंगा झाला. शिडी काढली. बोट गेली. वैनी ट्रंकेवर बसून तिच्याकडे बघत राहिल्या.

मी संतापून म्हणालो, "वैनी, तुम्ही भांडत का नाही?"

"कुणाशी भांडू? त्यांच्याशी, की महाराष्ट्राशी?"

तीच तर गोम होती. तो दारू प्यायला गेला असता, पत्ते कुटायला गेला असता, तर मी त्याची चाळभर बेअब्रू केली असती. पण तो आमच्या सगळ्यांच्याच कामाला गेलेला असायचा. संध्याकाळी त्याच व्यासपीठासमोर उभा राहून मीही टाळ्या पिटायचो, आणि टाळ्या पिटताना मला त्याचा भयंकर राग यायचा. घरी परतल्यावर वैनी ट्रंक उपसायच्या आणि तो लाडवांचा डबा गॅलरीतून प्रत्येक खोलीत फिरवायच्या. डबा फिरला की चाळीला कळायचं, यंदाही राहिलं. लोक लाडू खायचे आणि हळहळायचे.

तिसऱ्या वर्षी तर मांडवकर स्वतः व्यासपीठाखालीच अडकून पडला. बोटीच्या आदल्या दिवशीची सभा होती. व्यासपीठ दहा जणांसाठी बांधलेलं, वर चढले तीस. मानाची माणसं, कोणाला उतर म्हणणार? बांबू कुरकुरायला लागले. मांडवकर ताडपत्री वर करून आत घुसला आणि मधल्या खांबाला खांदा लावून सभा संपेपर्यंत उभा राहिला. मी मागून डोकावून बघितलं तर घामाने निथळत होता आणि तोंडावर समाधान असं की जणू पुढारी याच्या अंगाखांद्यावर वाढले. सभा संपल्यावर मी विचारलं, "भाषणं ऐकलीत का?"

"भाषण वरच्या वर गेलं हो. पण कोण किती पाय आपटतो ते सांगू शकतो. तो चष्मेवाला आहे ना, तो मुद्द्याला येण्याआधी तीनदा आपटतो. चौथ्यांदा आपटला असता तर मुद्दा माझ्या डोक्यावर आला असता."

हसलो मीही. पण त्याचा खांदा असा काही धरला की दुसऱ्या दिवशी त्याला हात वर करता येईना. बोट पुन्हा गेली. डबा पुन्हा फिरला. वैनींनी त्याच्या खांद्याला तेल चोळलं, उभ्यानेच, कारण तो खाली बसायला तयार नव्हता.

त्याच्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मांडवाची गाठ ही सुरगाठ असते. एक टोक ओढलं की सुटते. मांडवकर म्हणायचा, "मांडव म्हणजे पाहुणा. आला तसा गेला पाहिजे." तीन तासांत उभा केलेला मांडव तो पाऊण तासात उतरवायचा, आणि सुंभाचा तुकडा कधी कापायचा नाही. दुसऱ्या कोणी निरगाठ मारली तर त्याला खपत नसे. "निरगाठ आळशाची. बांधताना विचार केला नाही की सोडताना दात लावायचे." सुरगाठ मारताना त्याची बोटं इतकी चपळ चालायची की बघणाऱ्याला वाटावं, दोरीच आपली आपण वळतेय. त्या गाठी वरच्या तीस पुढाऱ्यांना पेलायच्या. माझा विश्वास होता तसा सगळ्या गिरणगावाचा त्या गाठींवर विश्वास होता.

एका दिवाळीत वैनींनी वेगळंच केलं. मला म्हणाल्या, "मास्तर, आपण आधी बोटीत चढू या." आम्ही चढलो. शिडी काढायच्या जरा आधी मांडवकर धावत आला, खांद्यावर सुंभाची वेटोळी. तो येत नाही एवढंच सांगायला आला होता. वर येऊन म्हणाला, "अगो, कदम खाली उभे आसत. एवढा एक..." वैनींनी त्याच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं. तो सोड सोड म्हणत राहिला, खलाशी ओरडत राहिले, शिडी निघाली, भोंगा झाला. धक्क्यावर कदम सायकल धरून उभे होते, त्यांचं तोंड उघडं ते बोट दूर जाईपर्यंत उघडंच दिसत होतं. वैनींनी मूठ सोडली ती बोट बंदराबाहेर पडल्यावर. मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला.

वरच्या गावी वसंताने बांबू तयार ठेवले होते. एक थर उभा, एक आडवा. चांगले सुकलेले, पोकळ. सकाळी तो बांधायला बसला तसा मांडवकराने त्याला बाजूला केलं. "गाठ मी मारतंय. माका शिकवतंस?" वसंताने दोरी त्याच्या हातात दिली. शेवटी पाहुणा, त्यातून मेव्हणा. मांडवकराची बोटं चालू लागली. तासाभरात तराफा तयार झाला. मधोमध चटई टाकली, वैनी तिच्यावर पाय लांब करून बसल्या. नऊवारीचा पदर डोक्यावरून घेतला, डबा मांडीशी ठेवला. मला त्यांच्या मागे बसवलं. वसंत काठी घेऊन टोकाला उभा. तराफा हलला.

आणि खरं सांगतो, पहिली दहा मिनिटं मलासुद्धा बरं वाटलं. आवाज नाही. काठावरची झाडं आपण होऊन मागे जातात. वैनींनी डोळे मिटले होते. त्यांच्या चेहऱ्यावर मी तोपर्यंत न बघितलेलं काहीतरी होतं. मग मागून एक बांबू सुटला आणि आमच्याआधी पुढे निघून गेला.

मांडवकर धावला. दोरी आवळली, गाठ मारली. तोवर डावीकडची ढिली झाली. माझ्या तेव्हा लक्षात आलं, आणि वसंताच्या तर सुरुवातीपासूनच लक्षात आलं असणार. या माणसाने सगळ्या गाठी सुरगाठी मारल्या होत्या. मांडव जागच्या जागी उभा असतो, तिथे ती गाठ बसते. तराफा वाहतो, हलतो, एक बांबू वर तर एक खाली, आणि प्रत्येक हिसक्याने दोरीचं टोक थोडं थोडं ओढलं जातं. त्याचा बाप निरगाठ मारायचा आणि बंदरात कोयत्याने कापायचा. याला ते माहीत होतं, डोक्यात होतं. पण वीस वर्षांत बोटं विसरली होती.

"निरगाठ मारा," मी ओरडलो.

"तीच मारतोय हो!" तो म्हणाला, आणि माझ्या डोळ्यांदेखत सुरगाठ मारली. तो तराफ्याच्या कडेकडेने वाकून फिरत होता, इथली बांधली की तिथली सुटत होती.

"वायच बसा हो," वैनी म्हणाल्या. रागाने नाही. "वसंत बघील. तुम्ही बसा माझ्या बाजूक."

"एवढी एक मारतंय नि बसतंय."

दुसऱ्या वळणावर तराफा एखाद्या पंख्यासारखा उलगडला. पाणी कमरेइतकंच होतं म्हणून मी हे लिहायला शिल्लक आहे. बांबू एकेक करून, काही घाई नसल्यासारखे, आपापल्या वाटेने निघाले. जी सहल वैनींना पाहिजे होती ती बांबूंनी केली. वैनी कमरेइतक्या पाण्यात, डबा डोक्यावर धरून. मांडवकर हातात दोरीचा तुकडा घेऊन. मग वैनी म्हणाल्या, "इतक्या वर्सांनी न्हयीत इलंय, ती पण उभी!" आणि हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी तोंड वळवलं, आणि मी दुसरीकडे बघितलं. एवढा राग मला कोणाचा आला नसेल. पाण्यात उभं राहून मी त्याला नाही नाही ते बोललो. तो मान खाली घालून ऐकत होता आणि तेव्हाही त्याची बोटं त्या तुकड्याला गाठ मारत होती.

मुंबईत परतल्यावर कळलं, व्यासपीठ त्याच्या गड्यांनी उभं केलं होतं, सभा झकास झाली होती, आणि मांडवकर नव्हता हे कदमांखेरीज कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. हे त्याला फार लागलं. महिनाभर तो कोणाशी धड बोलला नाही.

मग राज्य आलं. चाळीत तोरणं लागली, वैनींनी पुरण घातलं. मला वाटलं, सुटलो. आता कसल्या सभा? पण राज्याबरोबर सत्कार आले. ज्याने म्हणून घोषणा दिली होती त्याचा सत्कार, आणि प्रत्येक सत्काराला व्यासपीठ. दसरा झाला तशी कदमांची घंटी पुन्हा वाजायला लागली.

दिवाळीच्या आधी वैनी माझ्याकडे आल्या. "मास्तर, वसंताला पत्र घाला. मी एकटीच येते म्हणावं. मंगळवारी तराफा काढ."

"आणि मांडवकर?"

"त्यांना विचारून विचारून मी म्हातारी झाले," त्या म्हणाल्या. मी पत्र लिहिलं. मांडवकराला त्यांनी सांगितलं तेव्हा तो चौकटीला टेकून चहा पीत होता. म्हणाला, "जा. बरा होयत." आणि त्या गेल्या. धक्क्यावर त्यांना पोचवायला मीच गेलो.

तो मंगळवार. सकाळी आठला दारावर टकटक झाली, त्याच पेराने, बांबूवर करायचा तशी. लालबागला संध्याकाळी मोठा सत्कार होता आणि मांडवकर त्या वेळी मैदानावर असायला हवा होता. आत आला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "हे बरोबर चालतं ना?" मी हो म्हटलं. त्याने खुर्ची ओढली आणि तो खाली बसला.

मी हातातलं वर्तमानपत्र ठेवलं.

"आता निघाली असेल," तो म्हणाला. "वसंत काठी चांगली मारतो. गाठीपण चांगल्या मारतो."

घड्याळाचा काटा पुढे सरकला. मग, "आता पहिलं वळण. तिथे उजवीकडे करंजाचं झाड पाण्यात वाकलंय. डोकं खाली घ्यावं लागतं. सांगायला हवं होतं तिला." मग, "आता कोंड लागला. तिथे पाणी इतकं खोल की हलत नाही. काठी पोचतच नाही. घाई करायची नाही, तराफा आपसूक पुढे सरकतो. बाबा तिथे विडी ओढायचा." मी ऐकत होतो. या नदीबद्दल इतकं त्याच्या पोटात होतं आणि इतक्या वर्षांत त्यातलं एक अक्षर त्याने बायकोला सांगितलं नव्हतं. दर वेळी म्हणायचा, "बघशील तेव्हा बघशील." मी चिडून तसं म्हणालो. तो म्हणाला, "खरं आहे," आणि घड्याळाकडे बघितलं.

दहाच्या सुमाराला खाली घंटी वाजली. वाजत राहिली. शेवटी कदम जिना चढून दारात आले. मी दार अर्धवट लावून पुढे झालो.

"मांडवकर इथे आहेत?"

"नाहीत," मी म्हणालो.

कदमांनी खाली बघितलं. दारात चुन्याने माखलेल्या भल्यामोठ्या वहाणा. एवढ्या मोठ्या वहाणा परळात एकाच माणसाच्या होत्या. कदम त्यांच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "बरं," ते म्हणाले. "भेटले तर सांगा, आम्ही करतो काहीतरी." भला माणूस. इतकी वर्षं मी त्याला शिव्या घालत होतो.

बारा वाजता मी जेवायला वाढलं तर मांडवकर थांबा म्हणाला. "ती वडाखाली जेवेल. साडेबाराला." साडेबाराला आम्ही जेवलो. थाळी मांडीवर घेऊन त्याला जेवता येईना, भात सांडला. दुपारी त्याच्या पायाला मुंग्या आल्या, कमर भरून आली, दोनदा तो उठायला गेला आणि दोन्ही वेळा खुर्चीचे हात धरून परत बसला. "ती बसलीय ना," म्हणाला. तीनच्या सुमाराला "आता ऊन तोंडावर येत असेल," चारला "आता खाडीचा वास." पाच वाजून गेल्यावर त्याने मोठा श्वास सोडला. "लागली बंदराला." उठला, गुडघे कटकट वाजले. "मास्तर, बसणं भलतंच कठीण काम आहे," असं म्हणून वहाणा घालून गेला.

पाचव्या दिवशी वसंताचं पत्र आलं. मांडवकर समोर उभा, मी पत्र उघडलं. माझी सवय अशी की आधी मनात वाचायचं, मग मोठ्याने.

वसंताने लिहिलं होतं: यंदा पाऊस लवकर गेला. मंगळवारी तराफा काढला तो पहिल्याच वळणाला वाळूत रुतला. आक्का घटकाभर काठावर थांबली, मग म्हणाली, चला, भात पिकून पडलंय. त्या दिवसापासून आक्का कापणीला उभी आहे. ऐकत नाही.

मला ते पत्र फाडून टाकावंसं वाटलं. त्या नदीला, त्या पावसाला, त्या भाताला, कोणाला तरी धरून हाणावंसं वाटलं. समोर हा माणूस मान पुढे काढून उभा. "काय लिहिलंय?"

पोरांना खोटं बोलू नये म्हणून शिकवण्यात माझी हयात गेली. मी मोठ्याने वाचलं, "आक्का मंगळवारी ठरल्याप्रमाणे तराफ्याने सुखरूप बंदराला पोचली. प्रवास छान झाला."

"वडाखाली जेवली का, लिहिलंय?"

"लिहिलंय," मी म्हणालो.

पुढच्या आठवड्यात वैनी आल्या. त्यांना आधी एकटं गाठून सांगावं म्हणून मी गॅलरीत टपून होतो, पण मांडवकर स्वतः धक्क्यावर गेला होता आणि दोघं बरोबरच जिना चढून आली. मी त्यांच्या मागोमाग खोलीत शिरलो. वैनी भुईवर टेकल्या. हातांवर भाताच्या पातीचे बारीक ओरखडे, एका बोटाला चिंधी. मांडवकर चौकटीला टेकून उभा राहिला आणि सुरूच झाला. कोंडात पाणी हलत नव्हतं ना? करंजाखाली डोकं वाकवलंस ना? तीन वाजता ऊन तोंडावर आलं असेल, पदर घेतलास की नाही?

वैनींनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं.

"घेतला तर," त्या म्हणाल्या. "कोंडात तर पान हलत नव्हतं." जरा थांबून त्यांनी विचारलं, "पण तुम्हाला वेळ कशी कळली?"

"मास्तरांच्या घड्याळावर. तू निघालीस तेव्हापासून लागलीस तोवर मी त्यांच्याकडे होतो."

"उभे?"

"बसून," तो म्हणाला. चोरी पकडल्यासारखा. "खुर्चीवर. अख्खा दिवस."

वैनींनी पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. एवढं तरी खरं होतं.

"मग झालं तर," भागीवैनी म्हणाल्या. "दोघंही बसलो." आणि पदर खोचून, स्टोव्ह पेटवायला उठल्या.